चार वर्षं वाढवल्या त्या पेशी दुसऱ्याच निघाल्या

ताई,

मी मुंबईत कॅन्सर सेल बायॉलॉजीत पीएच.डी. करते. चौथं वर्ष संपत आलंय. मूळची चिपळूणची, इथे शिवडीला दोन नर्स मुलींबरोबर खोली घेऊन राहते. माझं काम गालाच्या आतल्या कॅन्सरच्या पेशींवर आहे. एक प्रोटीन कमी केलं की या पेशी सरकेनाशा होतात, असं मी दाखवलंय. त्यातच तीन वर्षं गेली. पेपर पाठवला, तर एका रिव्ह्यूअरने विचारलं, या सेल लाइनचा, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या या पेशींचा, एसटीआर रिपोर्ट कुठे आहे? डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी ही तपासणी. मी नमुना पाठवला. रिपोर्ट आला. पेशी गालाच्या नाहीतच, हेला आहेत, दुसऱ्याच एका कॅन्सरच्या.

ही लाइन माझ्या आधीच्या सीनियरने दुसऱ्या एका लॅबमधून आणली होती. तो आता परदेशात पोस्टडॉक करतोय. रिपोर्ट आला त्याच दिवशी गाईडना दाखवला. ते म्हणाले, 'आत्ता कोणाशी बोलू नकोस, बघू.' त्याला तीन आठवडे झाले. दर सोमवारी लॅब मीटिंगमध्ये मी तेच जुने ग्राफ दाखवते आणि बोलता बोलता माझा आवाज बसतो. फेलोशिपचं एकच वर्ष राहिलंय.

त्यात मामीला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. परळला उपचार चालू आहेत. सगळे नातेवाईक रिपोर्टचे फोटो मला पाठवतात, 'तू कॅन्सरवरच आहेस ना, बघ जरा.' मामी विचारते, हळदीच्या गोळ्या घेऊ का. मला काही सांगता येत नाही. रात्री झोप लागत नाही. वाटतं, चार वर्षं मी नुसती बसून होते. सोडून देऊ का? की गप्प राहून थीसिस लिहून मोकळी होऊ?

शिवडीहून एक



शिवडीच्या मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा एका छोट्या वाक्यापाशी थांबले. 'मी नमुना पाठवला.' रिव्ह्यूअरने मागितलं तेव्हा 'लाइन अमुक लॅबकडून मिळाली' एवढं लिहून वेळ मारून नेता आली असती. पुष्कळांनी नेली आहे. तू ट्यूब भरलीस, पाठवलीस आणि आलेला कागद त्याच दिवशी गाईडच्या टेबलावर ठेवलास. म्हणून तुझ्या शेवटच्या प्रश्नांची उत्तरं आधी देते. गप्प राहून थीसिस लिहू नकोस. आणि आज सोडूही नकोस. हे प्रकरण याच आठवड्यात गाईडपुढे पुन्हा काढ आणि तिथून डॉक्टरल कमिटीपर्यंत ने.

मीही याच शहरात पेशी वाढवल्या आहेत. त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझ्या पेशी हळू वाढायला लागल्या. बाकी काही वावगं दिसत नव्हतं. बुरशी आली तर पुंजके तरंगतात, बॅक्टेरिया आले तर एका रात्रीत मीडिया (पेशी वाढतात ते पोषक पाणी) गढूळ होऊन पिवळं पडतं. इथे मीडिया छान लालसर, पेशी तळाला घट्ट चिकटलेल्या, फक्त दोन दिवसांत भरणारा फ्लास्क चार दिवस घेत होता. मी सीरमला दोष दिला, इन्क्युबेटरला दोष दिला. मग एका संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर कव्हरस्लिपवरच्या पेशींना डीएनएचा निळा रंग लावला आणि मायक्रोस्कोपखाली धरल्या. अंधारात फक्त केंद्रकं निळी चमकायला हवीत, भोवतालची पेशी काळी राहायला हवी. माझ्या केंद्रकांभोवती बारीक निळे ठिपके होते, रांगोळीची चिमूट सांडावी तसे. मायकोप्लाझ्मा, पेशींना गुपचूप लागणारे अतिसूक्ष्म बॅक्टेरिया. मी दिवा बंद केला, जिना उतरले आणि दोन महिने कोणाला सांगितलं नाही.

त्या दोन महिन्यांत मी फ्लास्क ब्लीचमध्ये बुडवून टाकला, दुसरी व्हायल (गोठवलेल्या पेशींची छोटी कुपी) काढली, तीही तशीच निघाली. इन्क्युबेटर सगळ्यांचा एकच. दोन ज्युनिअर मुलींचे फ्लास्क माझ्यापायी गेले, त्यातल्या एकीचं सिनॉप्सिस तोंडावर आलं होतं. शेवटी सांगितलं तेव्हा आमच्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडतील म्हणून मी तयारीत होते. त्यांनी एकच विचारलं, 'कधी कळलं तुला?' आणि ती तारीख माझ्या तोंडून निघेना. कंटॅमिनेशन कोणाच्याही हातून होतं, ते सरांनाही माहीत होतं. त्या दोन महिन्यांचं उत्तर मात्र मला एकटीलाच द्यायचं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं.

तुझी तारीख रिपोर्टवर छापलेली आहे, आणि त्याच दिवशी तू गाईडना सांगितलंस. इथपर्यंत तुझी बाजू स्वच्छ आहे. पण तू अजून 'गालाच्या पेशी' म्हणून ग्राफ दाखवतेस, तो प्रत्येक सोमवार आता तुझ्या खात्यावर चढतोय. आवाज बसतो तो त्याचमुळे. येत्या सोमवारी ते ग्राफ दाखवू नकोस. 'या डेटाबद्दल एक शंका आहे, गाईडशी बोलून पुढच्या वेळी मांडते,' एवढं म्हण आणि बस.

हेला म्हणजे काय ते तुला पाठ असेल, पण हे सदर घरातले बाकीचेही वाचतात, म्हणून थोडं सांगते. १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेनरिएटा लॅक्स नावाची पाच मुलांची आई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार घेत होती. तिला न विचारता तिच्या गाठीचा तुकडा घेतला गेला. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ती गेली, वय अवघं ३१. तिच्या पेशी मात्र काचेच्या भांड्यात वाढतच राहिल्या. तोवर माणसाच्या पेशी अशा अखंड कोणाला वाढवता आल्या नव्हत्या. तिच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना हेला म्हणू लागले आणि त्या जगभर वाटल्या गेल्या. त्या इतक्या जोमाने वाढतात की दुसऱ्या फ्लास्कमध्ये चुकून एक थेंब पडला तरी काही आठवड्यांत मूळच्या पेशी मागे पडतात आणि भांडं हेलाने भरून जातं. वरून बघून ते कळत नाही. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर या शास्त्रज्ञाने भर परिषदेत दाखवून दिलं होतं की वेगवेगळ्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या कितीतरी लाइन प्रत्यक्षात हेला आहेत. आज अशा चुकीच्या ओळखीच्या लाइनची आंतरराष्ट्रीय यादी ५०० च्या वर गेली आहे, आणि २०१७ मध्ये दोन डच संशोधकांनी मोजलं तेव्हा अशा लाइन वापरून लिहिलेले ३२,००० हून जास्त पेपर सापडले.

हे घडायला कोणी फार मोठा गुन्हा करावा लागत नाही. शनिवारची दुपार, दोन लाइन एकाच वेळी हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात), मीडियाची बाटली एकच. पिपेटचं टोक फ्लास्कच्या तोंडाला लागतं आणि तेच बाटलीत जातं. झालं. किंवा त्याहून साधं. मी एकदा नायट्रोजनच्या कॅनमधून व्हायल वर काढली, पांढरी वाफ ओसरली, ग्लोव्हजच्या बोटाने दव पुसलं, वर सवयीने ७० टक्के अल्कोहोल फवारलं आणि मार्करने लिहिलेलं नाव बोटाबरोबर निघून आलं. उरलं ते नुसतं '२' आणि 'जून'. शेजारची मैत्रीण म्हणाली, 'अगं, या रांगेत तीच असते, लिहून टाक.' त्या दिवशी मी ती फेकली, पण काम अडलेलं असताना लिहून टाकणारी माणसं वाईट नसतात. तुझ्या सीनियरवर राग धरू नकोस. त्याला साधा मेल कर. कोणत्या पॅसेजला, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्यावर, लाइन मिळाली, कोणाकडून, तेव्हा लॅबमध्ये हेला चालू होत्या का, एवढंच विचार.

या पेशींचा आणि आपल्या मुंबईचाही एक जुना धागा आहे. ज्यांच्या प्रयोगशाळेत हेला पहिल्यांदा वाढल्या त्या जॉर्ज गाय यांच्याकडे कमल रणदिवे यांनी टिश्यू कल्चरचं काम केलं होतं. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या या बाईंनी परत येऊन मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. तू रोज ज्या हूडसमोर बसतेस तिथपर्यंत हे काम त्यांच्या हातून आलंय. १९७३ मध्ये त्यांनी विज्ञानातल्या बायकांची एक संघटनाही काढली, ती वाशीला आजही चालू आहे. लॅबबाहेरचं, पण ही भाषा समजणारं माणूस हवं असेल तर तिथल्या एखाद्या व्याख्यानाला जा. असं प्रकरण अंगावर घेतलेल्या मोठ्या बाया तिथे भेटतील.

आता तुझ्या गाईडना जे बोलायचं त्याची तयारी. रिकाम्या हाताने जाऊ नकोस. दोन कामं आधी उरक.

पहिलं, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या एचपीव्ही-१८ विषाणूचा पीसीआर, म्हणजे त्याचा डीएनए शोधणारी चाचणी. हेलाच्या डीएनएमध्ये हा विषाणू कायमचा बसलेला आहे, त्याच्या ई-६ जनुकाचे प्रायमर महाग नाहीत आणि एका दिवसात उत्तर मिळतं. नुसत्या आजच्या फ्लास्कवर लावू नकोस. फ्रीझरमध्ये तुझे जुने पेलेट (पेशींचे गोठवलेले गोळे) असतील, दोन वर्षांपूर्वीचे, तीन वर्षांपूर्वीचे, त्या सगळ्यांवर लाव. कोणत्या महिन्यापासून बँड, म्हणजे विषाणूच्या डीएनएची पट्टी, दिसायला लागतो ते जेलवर दिसेल. दुसरं, कॅनमधली त्या लाइनची सगळ्यात जुनी व्हायल शोध. रजिस्टर बघ, पॅसेज नंबर बघ. ती काढताना लॅबमधलं कोणीतरी शेजारी उभं असू दे, नाव, तारीख, दोघींच्या सह्या वहीत. मग तिचा एसटीआर कर. ती खरी निघाली तर घोटाळा तुमच्याकडे झाला आणि त्याच्या आधीचं काम शाबूत आहे. तीही हेला निघाली तर लाइन तुमच्या दारात येण्याआधीच बदललेली होती. दोन्हीतलं काय झालं ते कळल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येणार नाही. नवी लाइन पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या संग्रहातून मागवता येईल, पण हाती येताच तिचाही एसटीआर कर आणि पहिल्या पॅसेजलाच दहा व्हायल गोठव.

मग एका रविवारी सगळ्या आकृत्या प्रिंट काढून टेबलावर पसर. पेशंटच्या टिश्यूवर केलेलं स्टेनिंग असेल तर त्याला धक्काही लागलेला नाही, त्या गाठी खऱ्या माणसांच्या आहेत. बनवलेले प्लाझ्मिड, तपासलेल्या अँटीबॉडी, बसवलेले प्रोटोकॉल, हे सगळं तुझंच आहे. राहिला तो पेशी सरकण्याचा डेटा. तू पिवळ्या टिपने पेशींच्या थरात रेघ ओढलीस, चोवीस तासांनी ती भेग भरली नाही, हे तू डोळ्यांनी पाहिलंस आणि ते झालंच होतं. फक्त ते हेलात झालं. त्यामुळे त्या आकृतीखालचं नाव बदलेल आणि दावा लहान होईल.

दावा लहान होणं का महत्त्वाचं ते तुझ्या कामाच्या विषयातच आहे. आपल्याकडे गालाचा कॅन्सर बहुतेक तंबाखूने आणि गुटख्याने होतो, आणि त्यात पुष्कळदा पी-५३ हे कॅन्सरला आवर घालणारं जनुकच बिघडलेलं असतं. हेलात ते जनुक धड आहे, पण विषाणूचं ई-६ प्रोटीन पी-५३ टिकू देत नाही. आजाराची वाट वेगळी, तर तुझं प्रोटीन दोन्हीकडे सारखंच वागेल असं धरून चालता येत नाही. उद्या कोणी तुझा पेपर वाचून त्या प्रोटीनवर औषध शोधायला बसलं, तर तो माणूस कोणाच्या पेशींवर विसंबून बसलेला असेल?

सगळं पुन्हा करू नकोस. गोष्ट ज्या तीन प्रयोगांवर उभी आहे तेवढेच निवड. प्रोटीन कमी झाल्याचा ब्लॉट (प्रोटीन किती आहे ते दाखवणारी चाचणी), भेग भरण्याचा प्रयोग, आणि प्रोटीन परत घातल्यावर पेशी पुन्हा सरकतात का ते. हे खात्रीच्या लाइनमध्ये कर. पहिल्यांदा तीन वर्षं लागली, कारण तेव्हा अँटीबॉडी चालत नव्हती, ट्रान्सफेक्शन (बाहेरचं जनुकीय साहित्य पेशीत घालणं) बसत नव्हतं आणि तू शिकत होतीस. आता हात बसलाय. माझ्या अंदाजाने पाच-सहा महिन्यांचं काम आहे. उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं, त्याची तयारी ठेव. कॅन्सर बायॉलॉजीतल्या गाजलेल्या कामांची फेरतपासणी करणारा एक मोठा प्रकल्प झाला, त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. २३ पेपरमधले ५० प्रयोग पुन्हा केले, तर परिणाम बहुतेक वेळा मूळ दाव्यापेक्षा बराच कमी भरला. ती मंडळी आपल्यापेक्षा मोठ्या लॅबमधली होती.

गाईडविषयी. 'बघू' म्हणणाऱ्या माणसाला मी लगेच अप्रामाणिक म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात या लाइनवर मिळालेली ग्रँट असेल, सीनियरचा छापून आलेला पेपर असेल, तो दुरुस्त करावा लागेल ही भीती असेल. ती भीती खरी आहे, पण ती त्यांची आहे. जुन्या पेपरचं काय करायचं ते त्यांनी आणि त्या लेखकांनी ठरवायचं, ते ओझं तू उचलू नकोस. त्यांच्याकडे वेळ मागून जा, दार उघडं असताना घाईघाईत बोलू नकोस. जेलचा फोटो, रजिस्टरची पानं, तीन प्रयोगांचा आराखडा आणि महिने लिहिलेला एक कागद समोर ठेव. 'सर, काय करू?' असं विचारायला गेलीस तर पुन्हा 'बघू' ऐकशील. 'सर, असं करायचं ठरवतेय, तुमची परवानगी हवी,' असं म्हण. परत आल्यावर त्याच संध्याकाळी चार ओळींचा मेल टाक, आज काय बोललो, काय ठरलं. भाषा गोड ठेव, तारखा नेमक्या ठेव.

तरीही ते नको म्हणाले तर तुझ्या डॉक्टरल कमिटीच्या अध्यक्षांकडे जा. सहा महिन्यांच्या आढाव्याची वाट पाहू नकोस, लेखी विनंती करून आधी बैठक मागता येते. आणि त्या पेपरचं सांगते. रिव्ह्यूअरने थेट प्रश्न विचारलेला आहे. त्याला खोटं किंवा अर्धवट उत्तर जाणार असेल तर त्यावर तुझं नाव असू देऊ नकोस. लेखक म्हणून तुझी संमती लागते, ती लेखी नाकार. सध्या एकच सरळ मार्ग आहे, पेपर मागे घेऊन पुन्हा उभा करायचा. यात तुला त्रास होणार नाही असं मी म्हणणार नाही. होऊ शकतो. म्हणून तर कागद आणि तारखा.

वेळ आणि पैसे ही दोन वेगळी दुखणी आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला सहा वर्षं मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि बायकांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे. थीसिस द्यायला आधी पेपर छापलेलाच हवा ही सक्तीही त्या नियमांत राहिलेली नाही, तुझ्या संस्थेचा स्वतःचा नियम मात्र ऑफिसात जाऊन विचार. फेलोशिप पाच वर्षांनी थांबते, खरी अडचण तिथे आहे. एसआरएफचे, म्हणजे सीनियर फेलोशिपचे, महिना ४२,००० आणि घरभाडं भत्ता बंद झाल्यावर शिवडीची खोली कशी चालवायची, हा प्रश्न आजच गाईड आणि कमिटीपुढे ठेव. प्रोजेक्टवर काही महिने घेता येतं, पण त्यासाठी वर्षभर आधी बोलावं लागतं.

आता मामी. तुझ्या पत्रातला हा भाग वाचताना मला माझी आत्या आठवली. तिच्या वेळी व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, पण एसटीने फाईल यायची. घरात एकच पोर 'कॅन्सरवर' असली की अख्ख्या गोतावळ्याला ती अर्धी डॉक्टर वाटते, आणि आपण नाही म्हटलं की शिष्ट वाटतो. म्हणून एकदाच सगळ्यांना ग्रुपवर लिही: 'मी लॅबमध्ये पेशींवर काम करते, पेशंट तपासत नाही. रिपोर्टवरून सल्ला दिला तर माझ्या चुकीने मामीचं नुकसान होईल. मी तिच्याबरोबर ओपीडीत येते, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून घेते.' एवढं पुरे. मग खरोखर जा. फाईल तारखेप्रमाणे लाव. डॉक्टर जे बोलतात ते तिला घरी आल्यावर कोकणातल्या आपल्या भाषेत पुन्हा सांग. नातेवाईकांपैकी कोणालाही हे जमणार नाही, तुला जमेल. चिपळूणहून येणाऱ्यांची राहायची सोय होत नसेल तर हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचार. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटची आणि नातेवाईकांची सोय होते, त्याचीही चौकशी तिथेच कर.

हळदीच्या गोळ्यांचं उत्तर तर तुझ्याकडे आहे, तू फक्त ते स्वतःला विचारलं नाहीस. डिशमधल्या पेशींवर हळदीतलं करक्युमिन टाकलं की त्या मरतात. डिशमध्ये बऱ्याच गोष्टींनी पेशी मरतात. गोळी गिळल्यावर त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं, हे तुला ठाऊक आहे. तिला म्हण, 'मामी, भाजी-आमटीत घालतेस तेवढी हळद खा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच घेऊ नकोस, केमो चालू असताना तर नाहीच.'

तिच्या फाईलमध्ये हर-टू असा एक शब्द असेल, पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह. या जनुकावरचं काम १९८० च्या दशकात तुझ्यासारख्याच लॅबमध्ये, फ्लास्कमधल्या पेशींवर आणि पेशंटच्या गाठींवर झालं आणि त्यावरचं औषध १९९८ मध्ये बाजारात आलं. आज परळच्या ओपीडीत तो शब्द बघून कोणाला काय द्यायचं ते ठरतं. अशी वाट आपल्या पेशी कोणत्या आहेत याची खात्री करून घेणाऱ्यांमुळेच पुढे जाते. तू मागच्या महिन्यात तेच केलंस. चार वर्षं नुसती बसून होते असं म्हणतेस, ते मी मान्य करणार नाही.

झोपेचं हलकं घेऊ नकोस. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालेली असेल, जेवण जात नसेल, सगळं संपवावं असे विचार येत असतील, तर १४४१६ वर फोन कर. सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. तसे विचार आलेच तर सकाळ होण्याची वाट पाहू नकोस, त्या रात्रीच फोन कर आणि खोलीतल्या नर्स मुलीला उठव. त्या दोघी रात्रपाळ्या करून येतात, रडणारी माणसं त्यांनी पाहिली आहेत. तू त्यांना काही सांगितलंयस असं पत्रावरून वाटत नाही. आजच सांग.

आणि सोडण्याचं. पीएच.डी. सोडणारे मला कमी वाटत नाहीत. माझ्या बॅचमधला एक औषध कंपनीत गेला, एक डायग्नोस्टिक लॅब सांभाळते, एक मेडिकल रायटिंग करते, तिघंही चांगलं काम करतात. तुलाही जायचं असेल तर जा, पण हे निस्तरून जा. आत्ता गेलीस तर तो रिपोर्ट ड्रॉवरमध्ये राहील आणि तुझ्या जागी येणारी मुलगी त्याच कॅनमधून व्हायल काढेल. तीन प्रयोगांचं उत्तर हातात आलं की मग ठरव.

उद्या पीसीआर लाव. नायट्रोजनच्या कॅनपाशी एकटी जाऊ नकोस. आणि जुन्या व्हायलचा एसटीआर आला की मला लिही, गालाच्या निघाल्या तरी लिही, हेला निघाल्या तरी लिही.

तुझी,
ताई